तुझी माणसं कोण?

पहिल्या दिवशी अमेरिकेतल्या जॅक्सनच्या कॉलेजात नाव नोंदवायला गेले, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हू आर युअर पीपल, बेबी?" मी भारत म्हटलं, महाराष्ट्र म्हटलं, साताऱ्याचं नावही सांगावं म्हणून तोंड उघडलं. माझ्या कागदांवर शिक्का मारता मारता त्या म्हणाल्या, "गाव नाही विचारलं. तुझी माणसं कोण?"

माण तालुक्यात वाढलेल्या बाईला हा प्रश्न नवा नाही. एसटीतून उतरून कुणाच्याही दारात पाणी मागा, तांब्याच्या आधी प्रश्न येतो, "कुणाची गं तू?" आपण वडिलांचं नाव सांगतो, आडनाव सांगतो, आणि विचारणाऱ्याला जे हवं असतं ते कळतं. माझ्या आजीच्या काळी त्या एका उत्तरावर सगळं ठरायचं. पाहुण्याला सोप्यात बसवायचं की अंगणात, पाणी भांड्यातून द्यायचं की वरून ओंजळीत ओतायचं, सगळं. त्यामुळे जॅक्सनच्या त्या कार्यालयात मी अंग चोरून उभी राहिले. वाटलं, इथेही हेच आहे.

तसं नव्हतं. ते कळायला मला सबंध वर्ष लागलं. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना बाजारात उभं करून विकलं गेलं, ज्यांची आई एका मळ्यावर आणि लेकरू दुसऱ्या राज्यात गेलं, त्या कृष्णवर्णीयांच्या तोंडचा हा प्रश्न आहे. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर ही माणसं आपली माणसं शोधत मैलोन्‌मैल पायी फिरली. वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. माझी आई अमुक नावाची, अमुक मालकाने अमुक साली विकली, कुणी पाहिली असल्यास कळवा. अशा जाहिराती पुढे कित्येक दशकं छापून येत होत्या. अशा घरातली म्हातारी जेव्हा "तुझी माणसं कोण" म्हणून विचारते, तेव्हा कदाचित तू आमचीच निघशील, ही आशा त्या प्रश्नात असते. आपल्या प्रश्नाने माणूस बाजूला काढला जातो, त्यांच्या प्रश्नाने तो जवळ ओढला जातो. शब्द मात्र जवळजवळ तेच.

या कॉलेजचं नाव टूगालू. मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन, तिच्या उत्तरेच्या वेशीवर. नाव चोक्टॉ या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं आहे, दोन ओढ्यांच्या बेचक्यातली जागा अशा अर्थाचं. ते ऐकल्यावर मला कृष्णा-वेण्णेची संगम माहुली आठवली आणि तेवढ्याने परकेपणा थोडा ओसरला.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जॅक्सनला आलो होतो. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. बी.कॉम. होऊन दहा वर्षं झाली होती. आधी एका मोठ्या विद्यापीठात चौकशी केली, तिथे तीन महिने मी फक्त एक अर्ज क्रमांक होते. टूगालूमध्ये विद्यार्थी हजाराच्या आत. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही चौदा जण, मी सगळ्यांत थोरली. एकोणीस-वीस वर्षांची मुलं माझ्या नावाआधी 'मिस' लावायची, प्राध्यापकांना 'यस मॅम', 'नो सर' म्हणायची. अहो-जाहो पुन्हा कानावर पडलं म्हणून मला बरं वाटायचं. एक दिवस तापाने घरी राहिले, तर संध्याकाळी आमच्या बाईंचा फोन आला. अभ्यासाचं त्या शेवटी बोलल्या. आधी विचारलं, जेवलीस का, घरी कोण आहे, औषध कोण आणून देणार.

ओळखीच्या एका भारतीय घरी गणपतीच्या जेवणाला गेलो होतो, तिथे एकीने विचारलं, "त्या कॉलेजात? का गं, दुसरीकडे नाही मिळाली?" पुढे आवाज खाली करून ती आणखी एक वाक्य बोलली, ते मी इथे लिहिणार नाही. आपल्याकडे ते वाक्य माणसांची नावं बदलून किती वेळा ऐकलंय. मी त्या वेळी काही बोलले नाही, वाढून आणलेल्या पानाकडे बघत राहिले. त्याची रुखरुख आजही आहे. आज लिहायला बसले त्याचं निम्मं कारण ती रुखरुख आहे.

अमेरिकेत अशी शंभराच्या आसपास महाविद्यालयं आहेत. १९६४ च्या आधी मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी जी स्थापन झाली, त्यांना १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने एक सामायिक नाव दिलं, 'हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज'. तिकडे सगळे त्याचं लघुरूप वापरतात, एचबीसीयू. यादवी युद्धाच्या आधी दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. युद्ध संपलं, आणि ज्यांना अक्षराची बंदी होती त्यांच्यासाठी अवघ्या चार वर्षांत टूगालू उभं राहिलं. अमेरिकन मिशनरी असोसिएशन या संस्थेने १८६९ मध्ये तिथली ५०० एकर जमीन घेतली. तो जॉन बॉडी नावाच्या मालकाचा कापसाचा मळा होता. त्याचा वाडा आजही आवारात उभा आहे. ज्या जमिनीवर गुलामांनी कापूस वेचला तिथे त्यांची मुलं पाटी घेऊन बसली. त्या वाड्यावरून वर्गाला जाताना मी कितीदा तरी थांबले असेन. ओकच्या फांद्यांवरून करड्या जटांसारखं शेवाळ लोंबत असतं, खाली मुलं बाकावर पाय सोडून मोबाइल बघत असतात, आणि वाडा तसाच उभा असतो.

१८६९ हा आकडा ऐकल्यावर माझं मन आपोआप पुण्याला गेलं. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापलं. ते त्यांनी कुणाला अर्पण केलं? गुलामांना मुक्त करण्यासाठी नि:स्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावं, असं त्यांनी अर्पणपत्रिकेत लिहिलं. आम्ही हे शाळेत एका ओळीत शिकलो, एका गुणासाठी. टूगालूच्या बाकावर बसून ती अर्पणपत्रिका मी फोनवर पुन्हा वाचली आणि शेजारच्या मुलीला वाचून दाखवली. तिने ती तिच्या वहीत उतरवून घेतली. मग विचारलं, "त्यांना आमच्याबद्दल कसं कळलं?" १८७३ सालचा पुण्याचा माणूस. मला त्या वेळी जोतीरावांचा फार अभिमान वाटला, आणि हे सांगणारी मराठी बाई तिला इतक्या उशिरा भेटली याचं वाईट वाटलं.

टूगालूत एक गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला कुणी ना कुणी सांगतंच. २७ मार्च १९६१. जॅक्सनचं मुख्य सार्वजनिक वाचनालय फक्त गोऱ्यांसाठी होतं, कर मात्र सगळ्यांचा. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी छोटी शाखा होती आणि तिचं नाव होतं जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर वाचनालय. तोच कार्व्हर, ज्याची गोष्ट चाळीस वर्षांहून अधिक काळ मराठी घरांत वाचली जाते, ज्याच्या शेंगदाण्यांवरच्या प्रयोगांवर आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांनी शाळेत भाषण केलं. टूगालूचे नऊ विद्यार्थी, चार मुली आणि पाच मुलगे, नीटनेटके कपडे घालून आधी त्या शाखेत गेले. तिथे नसणार हे ठाऊक असलेली पुस्तकं त्यांनी मागितली. नाहीत असं उत्तर मिळाल्यावर ते मुख्य वाचनालयात गेले, कपाटातून पुस्तकं घेतली आणि टेबलाशी बसून वाचू लागले.

एवढंच केलं त्यांनी. वाचलं.

पोलीस आले. उठून जा म्हणाले. मुलं उठली नाहीत. शांतताभंगाच्या गुन्ह्याखाली नऊही जणांना धरलं, बत्तीस तास कोठडीत ठेवलं. पुढे प्रत्येकी शंभर डॉलर दंड आणि तीस दिवसांची स्थगित शिक्षा झाली. खटल्याच्या दिवशी कोर्टाबाहेर त्यांना पाठिंबा द्यायला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी कुत्री सोडली, लाठ्या चालवल्या. त्या नऊ जणांना आज 'टूगालू नाइन' म्हणतात. पुढच्याच वर्षी न्यायालयाच्या आदेशाने ते वाचनालय सगळ्यांना खुलं झालं.

आमच्या गावच्या शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं, लोखंडी, हिरव्या रंगाचं. त्याची किल्ली आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असायची, कारण आबा, माझे वडील, तिथे शिक्षक होते आणि कपाट त्यांच्या ताब्यात होतं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आबा कपाट उघडून व्हरांड्यात सतरंजी टाकायचे. "हात स्वच्छ असले म्हणजे झालं," एवढीच अट. वस्तीवरची मुलं, मेंढपाळांची मुलं, ऊसतोडीवरून मधेच परत आलेली मुलं, सगळी यायची. एकदा कुणी तरी आबांना म्हणालं, पोरं पुस्तकं फाडतील. आबा म्हणाले, फाटलं तर चिकटवू. नऊ मुलांची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती किल्ली दिसली, तिला लावलेल्या सुतळीसकट.

त्या काळात टूगालूच्या फाटकाबाहेर पाऊल टाकणं धोक्याचं होतं, आणि म्हणूनच आत जे चालायचं त्याला मोल होतं. अर्न्स्ट बोरिन्स्की नावाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक तिथे १९४७ मध्ये आले. जर्मनीतून जीव वाचवून पळालेले ज्यू, त्यांचं घरदार नाझींनी संपवलं. ते तळघरातल्या आपल्या खोलीत व्याख्यानं ठेवायचे, गोऱ्या कॉलेजांतल्या मुलांनाही बोलवायचे. आपल्या विद्यार्थ्यांना ते आधी बोलवून एक खुर्ची सोडून एक असं बसवायचे, म्हणजे उशिरा आलेल्या गोऱ्या पाहुण्याला दोन काळ्या विद्यार्थ्यांच्या मधेच बसावं लागे. राज्यात एका बाकावर बसणं निषिद्ध होतं तेव्हाची ही गोष्ट. १९८३ मध्ये ते गेले, तोवर टूगालूतच राहिले आणि त्यांची समाधीही आवारातच आहे. मी तिथे फुलं ठेवायला जायची. ज्याची स्वतःची माणसं उरली नाहीत त्या माणसाने ही आपली मानली.

२८ मे १९६३ रोजी टूगालूचे काही विद्यार्थी आणि प्राध्यापक जॅक्सनच्या मुख्य रस्त्यावरच्या एका दुकानात, जेवणाच्या गोऱ्यांसाठी राखीव ओट्याशी जाऊन बसले. जमावाने त्यांच्या डोक्यावर केचप, मोहरीची चटणी, साखर ओतली, एकाला खाली पाडून लाथांनी तुडवलं. तास-दोन तास नव्हे, जवळपास तीन तास चाललं. तो फोटो जगभर गेला. फोटोपेक्षा मला एक दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कॉलेजचे अध्यक्ष डॉ. बीटेल, गोरे गृहस्थ, वय साठीच्या पुढे, बातमी कळल्यावर स्वतः त्या दुकानात गेले, मुलांजवळ बसले आणि त्यांना घेऊन बाहेर आले. पुढल्या वर्षी राज्याच्या विधिमंडळात कॉलेजची सनद रद्द करण्याचा प्रस्ताव आला. तो टिकला नाही. पण आपल्या पोरांच्या शेजारी जाऊन बसण्याची किंमत किती मोठी होती ते त्यावरून कळतं.

आणि मग राममनोहर लोहिया. हे मला टूगालूत जाईपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि आबांना ठाऊक होतं! मी फोनवर कॉलेजचं नाव सांगितलं तेव्हा पलीकडून क्षणभर आवाज आला नाही. मग म्हणाले, "अगं, लोहियांना अटक झालेली तेच का जॅक्सन?" आबा सेवा दलाच्या शाखेत वाढलेले, साताऱ्यात कॉलेजला असताना त्यांनी ही हकीकत कुठे तरी वाचली होती. मे १९६४ मध्ये लोहिया टूगालूला पाहुणे म्हणून आले होते. जॅक्सनच्या एका उपाहारगृहात त्यांना रंगावरून आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, आपल्या देशी वेशात, आणि पोलिसांनी त्यांना धरून गाडीत घातलं. नंतर सोडलं, अमेरिकन सरकारने दिलगिरीही व्यक्त केली. त्यांना पहिल्यांदा परत पाठवलं तो दिवस २७ मे, म्हणजे इकडे दिल्लीत नेहरू गेले तोच दिवस. ज्या माणसाची स्वातंत्र्यानंतरची हयात नेहरूंच्या विरोधात गेली तो त्या दिवशी हजारो मैलांवर एका दारात उभा होता, दुसऱ्यांच्या लढ्यासाठी. आबा हे सांगताना थांबत थांबत बोलत होते.

आता मला पाण्याबद्दल सांगायचंय.

२०२२ च्या ऑगस्टअखेरीस पर्ल नदीला पूर आला आणि जॅक्सनचं जलशुद्धीकरण केंद्र बंद पडलं. पाणी उकळून प्या ही सूचना जुलैअखेरीपासून होतीच, आता नळालाच पाणी येईना. दीड लाखांच्या शहरात. आम्ही वर्गातल्या सहा जणांनी दोन गाड्यांत बाटल्यांचे खोके भरले आणि शहराच्या जुन्या वस्त्यांत वाटायला निघालो. इतर मुलं गोंधळलेली होती, मी नव्हते. माणमधल्या बाईला टँकर, रांग, हंडा, आंघोळीचं पाणी संडासाला, भाजी धुतलेलं पाणी झाडाला हे सांगावं लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दुष्काळाचा कुणाला तरी उपयोग होत होता.

एका लाकडी घराच्या ओसरीवर ऐंशीच्या घरातल्या आजी बसलेल्या होत्या. मी खोका उचलून वर गेले, त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "हू युअर पीपल?" मी तोंड उघडायच्या आत माझ्याबरोबरचा एकोणीस वर्षांचा मुलगा पायरीवरून म्हणाला, "मॅम, ही आमच्यातली आहे. टूगालूची." आजींनी मान डोलावली आणि दाराकडे बोट दाखवलं, "मग आत ठेव."

आत न्हाणीतल्या टबात गढूळ पाणी साठवलेलं होतं, त्यात एक जुना डबा तरंगत होता. शेगडीवर पातेलं उकळत होतं. मी ते उतरवलं, निवायला ठेवलं, बाटल्या ओट्याखाली लावल्या. निघताना आजींनी एका फुलाफुलांच्या ताटात केकचे जाड तुकडे ठेवले, वर चांदीचा कागद दाबून बसवला, आणि म्हणाल्या, "ताट माझ्या आईचं आहे. परत आणून द्यायचं." म्हणजे आम्हाला पुन्हा यावंच लागणार होतं. ते त्यांनी मुद्दाम केलं हे मला रस्त्यात उमगलं. आपल्याकडे शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. चार दिवसांनी मी ते ताट शेंगदाण्याचे लाडू भरून परत दिलं. आजींनी एक लाडू दोन बोटांत धरून वळवून पाहिला, वास घेतला, "पीनट," म्हणाल्या, आणि मग चावला. त्यानंतर दीड वर्ष ते ताट आमच्यात येत-जात राहिलं.

आमच्या एका विषयाला अशा कामाचं टिपण लिहावं लागे. मी पहिल्या आठवड्याच्या टिपणात लिहिलं, आम्ही गरजू लोकांना पाणी वाटलं. बाईंनी 'गरजू लोक' या शब्दांखाली लाल रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, "नाव?" मला आधी राग आला. वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, खोटं काही नव्हतं. बाईंकडे गेले तर म्हणाल्या, "तू तिच्या स्वयंपाकघरात जाऊन आलीस. तिचं पातेलं उतरवलंस. नाव विचारलंस का?" विचारलं होतं. "मग ते लिही. तुझी आजी आजारी असताना तू तिला गरजू व्यक्ती म्हणशील?" मी टिपण पुन्हा लिहिलं. तेव्हापासून 'लाभार्थी' हा शब्द कुठल्याही सरकारी कागदावर दिसला तरी मला ती लाल रेघ दिसते.

टूगालूत सेवेला वेगळं कुणी वाखाणत नाही, हे मला तिथे राहून समजलं. बहुतेक मुलं घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच. चर्चमधल्या बायकांनी ताटं विकून गोळा केलेले पैसे, मामाने दिलेली जुनी गाडी, आजीने निवृत्तिवेतनातून काढलेली रक्कम, यावर ती शिकतात. एका मैत्रिणीला घरच्या अडचणीमुळे मधेच सोडावं लागलं. आमच्या बाईंनी वर्षभर दर रविवारी तिला फोन केला, आणि ती परत आली. अशा पैशाने शिकलेला माणूस शिक्षण एकट्याचं समजूच शकत नाही.

म्हणून तिथून निघालेल्या माणसांचे रस्ते बघावेत. डॉ. रॉबर्ट स्मिथ टूगालूत शिकले, बाहेर जाऊन डॉक्टर झाले आणि मिसिसिपीत परतले. चळवळीतल्या जखमी मुलांवर उपचार करायला इतर डॉक्टर कचरत होते तेव्हा ते करत होते. डॉ. एरन शर्ली १९५५ चे टूगालूचे पदवीधर, बालरोगतज्ज्ञ. जॅक्सनमध्ये त्यांनी गरिबांसाठी आरोग्य केंद्र उभारलं. पुढे शहरातला एक ओस पडलेला मॉल होता, त्यात दवाखाने आणले. जिथे कपड्यांची दुकानं होती तिथे आज रुग्ण रांगेत बसतात. उतारवयात ते इराणला जाऊन तिथल्या खेड्यांतली 'आरोग्यघरं' पाहून आले, गावातल्याच माणसाला शिकवून गावाचं आरोग्य त्याच्या हाती देण्याची ती पद्धत मिसिसिपीच्या डेल्टात रुजवायला निघाले. २०१४ मध्ये ते गेले. माझ्या वर्गातली दोन मुलं जॅक्सन हार्ट स्टडीत प्रशिक्षण घेत होती. तिथल्या ५,३०६ कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांच्या हृदयविकाराचा २००० सालापासून चाललेला अभ्यास, टूगालू त्यातलं एक भागीदार. रक्तदाब मोजायला गेलेली ही मुलं घरी येऊन आधी आपल्या आजीचा रक्तदाब मोजायची.

या सगळ्याला आमच्या घरात एक नाव होतं, अण्णा. कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. पोरांना खायला नव्हतं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात आबा 'कमवा आणि शिका' योजनेत शिकले. सकाळी शेतात, मग वर्ग, संध्याकाळी पुन्हा श्रम. त्यांना शहरात नोकरी मिळत होती, पण ते गावी परत आले. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, का आलात. ते म्हणाले, "माझ्या ताटातली भाकरी कुणी तरी दळलेली होती." तेव्हा मला ते उत्तर कळलं नाही. मी गाव सोडलं, जिल्हा सोडला, देश सोडला, आणि ते कळलं मिसिसिपीत, दुसऱ्यांच्या मुलांमध्ये बसून.

पदवी घेऊन मागच्या डिसेंबरात घरी आले. आबांचं वय आता पंचाहत्तरीकडे. रात्री अंगणात बसून त्यांना नऊ मुलांची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी सविस्तर, कार्व्हरच्या नावाच्या वाचनालयापासून. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "किती वेळ वाचू दिलं त्यांना?"

"थोडाच वेळ. लगेच पोलीस आले."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपलं कपाट हल्ली कुणाकडे असतं बघायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. टोपी घालून, काठी घेऊन आबा माझ्याबरोबर शाळेत आले. नव्या गुरुजींनी वाकून नमस्कार केला, टेबलाचे तीन खण धुंडाळून किल्ली काढून दिली. सुतळी तीच, काळी पडलेली. कुलूप गंजलं होतं, शिपाईमामांनी त्यात खोबरेल सोडलं. दार उघडलं तेव्हा कागदाचा जुनाट वास व्हरांड्यापर्यंत आला. खालच्या फळीवर नोंदवही होती, आखलेले रकाने, पुस्तकाचे नाव, घेणाऱ्याची सही, परत तारीख. शेवटची कितीतरी पानं कोरी. आबांनी खिशातलं पेन काढून कोऱ्या पानावर तारीख घातली.

सतरंजी मिळाली नाही, म्हणून गुरुजींनी दोन बाकं ओढून आणली. शाळा सुटली होती, पोरं दप्तरं पाठीवर घेऊन घोळका करून उभी होती. पुढे यायला कुणी धजेना. शेवटी तेल लावून दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी पुढे आली आणि न विचारताच तिने आबांना आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवले.

आबांनी तिला विचारलं, "कुठलं पाहिजे?"

तिने सगळ्यात वरच्या फळीकडे बोट केलं. मी बाकावर चढले.